सातशे एकतीस चौरस फूट, मालकाने स्वतः मोजलेले

आपल्या घरातून तलाव दिसतो ही गोष्ट टेपकाकांना वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळली, आणि तीही कॉम्प्युटरवर वाचून. त्या घरात ते सत्तावीस वर्षं राहत होते. ‘तलावाचं विहंगम दृश्य लाभलेलं, एक हजार पन्नास चौरस फुटांचं प्रशस्त घर’ असं तिथे लिहिलं होतं. पत्ता त्यांचाच होता आणि फोटोतल्या सोफ्यावर काकूंचं अर्धवट विणलेलं स्वेटरही दिसत होतं, त्यामुळे घर दुसऱ्याचं आहे असं म्हणायला जागा नव्हती.

“अहो, कुठल्या खिडकीतून दिसतो म्हणे तलाव?” काकूंनी विचारलं.

टेपकाकांनी एकेक खिडकी उघडून पाहिली. शेवटी बाथरूममध्ये स्टुलावर चढून, झरोक्यातून डोकं बाहेर काढून, मान डावीकडे मुरगळल्यावर त्यांना शेजारच्या जलशुद्धीकरण केंद्राची गोल टाकी दिसली. टाकीत पाणी होतं, हे त्यांना प्रामाणिकपणे मान्य करावं लागलं.

“दिसला का?”

“टाकी दिसली.”

“बदकं आहेत का त्यात?”

“थट्टा नकोय मला,” टेपकाका स्टुलावरून म्हणाले. “उतरायला हात दे.”

टेपकाकांना टेपकाका का म्हणतात, याबद्दल घरात दोन मतं होती. त्यांच्या मते, खिशात कायम मोजायची टेप असते म्हणून. काकूंच्या मते, एकदा सुरू झाले की बंद होत नाहीत म्हणून. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, खोटी वजनं जप्त केली, पेट्रोल पंपावर उन्हात उभं राहून पाच लिटरचं माप पाच लिटरच भरतं ना हे पाहिलं. त्यांच्या रस्त्यावरचा भाजीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की काट्याच्या ताटलीखाली चिकटलेली पालेभाजी झटकायचा. इतक्या दबदब्याचा माणूस, आणि आता त्याचंच घर खोट्या मापाने बाजारात उभं होतं.

घर विकायचं कारण म्हणजे काकूंचे गुडघे. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि घर चौथ्या मजल्यावर होतं. गेल्या वर्षभरात काकू आठवड्यातून एकदाच खाली उतरायला लागल्या होत्या, आणि उतरल्या की वर यायला त्यांना तीन मुक्काम करावे लागत. मुलीने तिच्या गावी, तिच्या घरापासून चार दारं सोडून तळमजल्यावरचं एक घर हेरून ठेवलं होतं. घर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. “पाच महिने थांबते, त्यापुढे मात्र दुसऱ्याला देईन,” असं त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

“बाबा, एजंट गाठा आणि मोकळे व्हा,” मुलगी फोनवर म्हणाली होती.

“एजंट कशाला? घर माझं, माहिती मला, हात मला. मी स्वतः जाहिरात टाकतो.”

टेपकाकांनी मग आठ दिवस खपून घर मोजलं. दर खोलीची लांबी, रुंदी, उंची, दारांची रुंदी, जिन्याच्या वळणाची रुंदी, ऊन कुठल्या खिडकीत किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, सगळं. बेरीज झाली सातशे एकतीस चौरस फूट. अकरा पानांचा मजकूर तयार करून ते कॉम्प्युटरसमोर बसले. घर विकायचं तर सगळं जग एकाच साइटवर जातं, म्हणून त्यांनी ती साइट उघडली. पहिलाच रकाना होता: ‘सभासद क्रमांक’. तो भरल्याशिवाय दुसरा रकाना उघडेचना.

त्यांनी मदतीसाठी दिलेल्या नंबरवर फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई बोलल्या.

“सर, आपण एजंट आहात का?”

“नाही. मी मालक आहे.”

“सॉरी सर, मालक असा पर्याय आमच्याकडे नाहीये.”

“अहो, घर असलं की मालक असतोच!”

“असेल सर. पण साइट एजंट मंडळाची आहे. घरांची माहिती फक्त मंडळाच्या सभासदालाच टाकता येते. आपल्याला बासरी पुन्हा ऐकवू का, वरिष्ठांशी बोलायचं असेल तर?”

ही बातमी जिन्यातून चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर टेपकाका पोचायच्या आधी पोचली. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहायचे, त्यांना सगळे मॅनेजरसाहेबच म्हणत. त्यांनी बँकेत तीस वर्षं लोकांना अर्ज परत केले होते, त्यामुळे कुठल्या कामाला कशी अडचण येते यावर त्यांचा अभ्यास दांडगा होता.

“साइट सोडा. पाटी लावा,” ते म्हणाले. “गेटवर झकास पाटी. आमच्या मेव्हण्याने पाटीवर घर विकलं.”

“कधी?”

“झाली असतील तीसेक वर्षं.”

टेपकाकांनी पाटी लावली. सोसायटीच्या सेक्रेटरीने ती दोनदा काढायला लावली: पहिल्यांदा ती फार मोठी आहे म्हणून, आणि दुसऱ्यांदा, टेपकाकांनी नियमातल्या मापाची नेमकी पाटी करून आणल्यावर, ती वाचता येत नाही म्हणून. तीन आठवड्यांत चार माणसं आली. एकाला भाड्याने हवं होतं. एक चुकून आला होता, त्याला दातांचा दवाखाना हवा होता. एक बाई पहिल्या मजल्यापर्यंत चढून पायऱ्यांकडे बघत परत गेल्या. आणि चौथं एक नीटनेटकं जोडपं पूर्ण घर बघून, पाणी पिऊन, स्वयंपाकघरातलं ऊन छान आहे असं म्हणून, जाता जाता दारात थबकलं.

“काका, साइटवर नाही दिसलं ते तुमचं घर?” नवऱ्याने विचारलं.

“साइटवर नाहीच आहे.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “का नाही? काही भानगड आहे का? म्हणजे कोर्टातली वगैरे?”

टेपकाकांनी त्यांना कागदपत्रांची फाइल दाखवली, खरेदीखत दाखवलं, स्वतःचं निवृत्तीच्या वेळचं प्रशस्तिपत्रकही दाखवलं. जसजसं दाखवत गेले तसतसा त्या दोघांचा संशय पक्का होत गेला. जिन्यात बायको नवऱ्याला म्हणाली ते टेपकाकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं: “इतकं कोण दाखवतं रे?”

तेव्हा कुठे टेपकाकांच्या लक्षात आलं, की जे घर त्या साइटवर नाही ते घर लोकांच्या लेखी नाहीच. सत्तावीस वर्षं ते नसलेल्या घरात राहत होते. नाइलाजाने ते एजंटकडे गेले.

एजंट पस्तिशीचा, बोलायला गोड, बूट इतके चकचकीत की काकूंनी त्याचं नावच चकचकीत ठेवलं. तो आला, मोबाइलला खोल्या मोठ्या दाखवणारी एक फुगीर काच लावून फोटो काढत फिरला, टेपकाकांची अकरा पानं “वा वा, काय मेहनत घेतलीय काका!” म्हणत बॅगेत टाकली आणि गेला. दुसऱ्या दिवशी साइटवर तलाव उगवला होता.

टेपकाका त्याच्या दुकानात धडकले.

“सातशे एकतीसचे एक हजार पन्नास कुठून झाले?”

“काका, बसा. चहा घेणार? हे बघा, सगळे थोडं फुगवतात. गिऱ्हाइकाला ते माहीत असतं. ते मनातल्या मनात तिसरा हिस्सा वजा करतं. एक हजार पन्नासातून वजा केले की राहिले सातशे. म्हणजे खरं तर मी तुमचे एकतीस फूट कमीच सांगितलेत.”

“मग सरळ सातशे एकतीस लिहा!”

“ते लिहिलं तर त्यातूनही वजा करणार ना! चारशे ऐंशीचं घर कोण बघायला येणार काका?”

चौतीस वर्षांच्या नोकरीत टेपकाकांनी दुकानदारांची अनेक समर्थनं ऐकली होती, पण खोटं माप हेच खरं माप आहे असं पटवून देणारा हा पहिलाच. आणि कहर म्हणजे क्षणभर त्यांना ते पटलंही. या क्षणभराचा त्यांना पुढे आठवडाभर पश्चात्ताप होत होता.

“दुरुस्त करा,” ते म्हणाले.

“आता माझ्या हातात नाही काका. एकदा माहिती साइटवर गेली की ती मंडळाची होते.”

“माझ्या घराची माहिती मंडळाची?”

“घर तुमचं, माहिती मंडळाची.” चकचकीतने हे इतक्या हळुवारपणे सांगितलं, की एखाद्याला वाटावं तो सांत्वन करतोय.

मंडळाच्या कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज होता, पण तो सभासदानेच करायचा होता. चकचकीत तो करायला तयार नव्हता, कारण आपणच टाकलेली माहिती खोटी आहे असं लिहून द्यायला तो काही वेडा नव्हता. इकडे तलाव बघायला लोक येतच होते. एक निवृत्त गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून आले. पक्षी बघायचा त्यांना नाद होता. टेपकाकांनी त्यांना शरमेने बाथरूममध्ये नेऊन स्टूल दिलं. गृहस्थ सभ्य होते. पाच मिनिटं दुर्बीण लावून ते टाकीकडे पाहत राहिले, मग उतरून म्हणाले, “एक कावळा होता.” त्यांनी टेपकाकांचा हात हातात घेऊन दाबला आणि ते गेले.

तो हात दाबणं टेपकाकांच्या फार जिव्हारी लागलं. खोट्या मापाच्या दुकानदाराला पकडल्यावर आसपासचे लोक त्याच्याकडे ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने त्या भल्या माणसाने आपल्याकडे पाहिलं, असं त्यांना वाटलं. दोन दिवस ते भाजीवाल्याच्या समोरून गेले नाहीत, मागच्या गल्लीने गेले.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला. “मी एजंट होतो.”

काकूंनी स्वेटरमधून मान वर केली. “कधी होतात?”

“होतात नाही, होतो. म्हणजे होणार आहे. मंडळाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. वयाची अट फक्त खालची आहे, वरची नाही. वाचलंय मी.”

काकूंनी हातातली ओळ विणून पुरी केली. मग म्हणाल्या, “चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या.” याचा अर्थ परवानगी मिळाली, हे सदतीस वर्षांच्या संसारानंतर टेपकाकांना सांगावं लागत नव्हतं.

परीक्षेचं पुस्तक दोनशे पानांचं होतं. त्यातल्या ‘वर्णनकौशल्य’ या प्रकरणावर काकू त्यांची उजळणी घेत.

“लहान घराला काय म्हणाल?”

“आटोपशीर.”

“अंधाऱ्या खोलीला?”

“शांत.”

“रस्त्यावरच्या गोंगाटाला?”

“अगं, ते मला पाठ होत नाही. थांब, गजबजलेल्या भागातलं सोयीचं ठिकाण.”

“मग आपल्या पाठदुखीला काय म्हणायचं?” काकूंनी विचारलं. पुस्तकात ते नव्हतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये बाकीची मुलंमुली त्यांना पर्यवेक्षक समजून उभी राहिली. त्यांनीही सवयीने बसा म्हटलं. पेपर सोपा होता. कायदा आणि मोजमाप यांत त्यांना पैकीच्या पैकी मिळाले. ‘खिडकीसमोर भिंत असल्यास काय लिहाल?’ या प्रश्नाला त्यांनी ‘खिडकीसमोर भिंत आहे’ असं उत्तर लिहिलं, त्याचे दोन गुण गेले. ‘संपूर्ण खासगीपणा’ हे बरोबर उत्तर त्यांना माहीत होतं, पण लिहिताना हात चालला नाही. तरीही ते त्या खेपेला पहिले आले, आणि मॅनेजरसाहेबांनी जिन्यात सगळ्यांना थांबवून थांबवून हे सांगितलं, जणू अभ्यास त्यांनीच घेतला होता.

पुढची अट निघाली कार्यालयाची. सभासदाचं कार्यालय किमान शंभर चौरस फुटांचं हवं, बाहेर पाटी हवी, आणि दहा ते सहा या वेळात त्या जागेचा घरगुती वापर होता कामा नये.

“गॅलरी दाखवा ना,” आता चकचकीतनेही फुकट सल्ला दिला. सभासद होणार म्हटल्यावर तो त्यांना ‘सर’ म्हणायला लागला होता. “शंभर लिहायचं, कोण मोजतंय?”

“मी मोजतो,” टेपकाका म्हणाले. गॅलरी बावीस फूट भरत होती. मग हॉलचंच कार्यालय झालं. दारावर पाटी लागली. नियम म्हणजे नियम, त्यामुळे काकूंना दिवसा हॉलमध्ये बसायचं तर ग्राहक म्हणूनच बसावं लागे. टेपकाकांनी तशी नोंदवहीच ठेवली होती. ‘एक महिला ग्राहक, सकाळी अकरा ते साडेबारा, विणकाम केले, कुठलेही घर पसंत केले नाही’ अशा नोंदी त्यात महिनाभर आहेत.

सभासद क्रमांक हातात आला तेव्हा शिक्षिकाबाईंनी दिलेल्या मुदतीतले सात आठवडे उरले होते. टेपकाकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, साइट उघडली, पहिला रकाना भरला, आणि दुसरा रकाना उघडला. चकचकीतची जाहिरात रीतसर रद्द करून त्यांनी स्वतःचा मजकूर घातला. अकरा पानांतली चारच बसली, पण त्या चारांत हे होतं: ‘सातशे एकतीस चौरस फूट, मालकाने स्वतः मोजलेले. चौथा मजला, लिफ्ट नाही. पायऱ्या बहात्तर. जिन्याच्या वळणाची रुंदी तीन फूट सात इंच. झोपायच्या खोलीचे दार दमट हवेत अडकते. वरच्या कोपऱ्यात थोपटावे. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन येत नाही, पण उजेड सायंकाळी पाच वीसपर्यंत एकसारखा राहतो. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे ओल येत असे. चार वर्षांपूर्वी दुरुस्त केली, अद्याप परत आलेली नाही. तलाव दिसत नाही.’

तीन दिवसांत ही जाहिरात गावभर झाली. दुर्दैवाने लोक ती घरासाठी नव्हे, करमणुकीसाठी वाचत होते. मॅनेजरसाहेबांनी मोठ्या आनंदाने मोबाइल पुढे केला. “काका, हे बघा, माझ्या सुनेच्या ऑफिसातून आलंय!” खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग होती. ‘वरच्या कोपऱ्यात थोपटावे’ हे वाक्य तर म्हणे एका ऑफिसात साहेबांविषयी वापरलं जात होतं.

टेपकाका वर आले आणि ग्राहकाच्या खुर्चीत बसले.

“हसू देत,” काकू म्हणाल्या. “खोटं वाचून हात दाबण्यापेक्षा खरं वाचून हसलेले बरे.”

त्याच दिवशीच्या टपालाने मंडळाची नोटीस आली. सतरा सभासदांनी तक्रार केली होती. ‘सदर सभासदाने स्वतःच विकत असलेल्या घराबद्दल प्रतिकूल माहिती प्रसिद्ध केल्याने इतर घरांच्या माहितीबद्दल ग्राहकांच्या मनात संशय निर्माण होत आहे. सबब सभासदत्व रद्द का करू नये?’ सुनावणी पुढच्या शुक्रवारी होती. सभासदत्व गेलं की जाहिरात जाणार, आणि मुदतीतले आता जेमतेम सहा आठवडे उरले होते.

बुधवारी दुपारी दार वाजलं. पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या, गळ्यात कापडी टेप, केसांत दोन टाचण्या. बहात्तर पायऱ्या चढूनही त्यांना धाप लागली नव्हती.

“मी नाटकांचे कपडे शिवते,” त्या म्हणाल्या. “जिन्याचं वळण मोजूनच वर आलेय. तीन फूट सात इंच आहे खरं.”

“आहेच,” टेपकाका म्हणाले. “खोट्याची काय गरज?”

“गरज नसते, तरी लोक सांगतात. बेचाळीस घरं पाहिली मी. माझं कापड बेतायचं टेबल अकरा फूट पाच इंच आहे. आमच्या गुरुजींचं ते, तोडायचं नाही. दर ठिकाणी ‘प्रशस्त खोली’, आणि मोजावं तर टेबल भिंतीत घुसतं नाहीतर जिन्यातच अडकतं. तुमच्या जाहिरातीत जिन्याचं वळण वाचलं, उत्तरेचा उजेड वाचला, आणि मशीन तशीच सोडून आले.”

उत्तरेच्या खोलीत त्यांनी खिडकीखालची भिंत मोजली. मग परत मोजली. “अकरा फूट सहा इंच.”

“साडेसहा,” टेपकाका म्हणाले.

“सहा.”

“बाई, मी चौतीस वर्षं—”

“मी अडतीस.”

टेपकाकांनी कापडी टेप ताणली जाते हे शास्त्र सांगितलं. बाईंनी ताणलेली टेप कमी दाखवते की जास्त हे उलट विचारलं, आणि खिशातून पोलादी पट्टी काढून तिच्यावर आपली टेप पसरून दाखवली. बरोबर होती. मग दोघांनी टेपकाकांची टेप त्या पट्टीवर ठेवली. तिचा पहिला अर्धा इंच नव्हताच.

टेपकाकांना आठवलं. सात-आठ वर्षांपूर्वी टेपचं टोक तुटलं होतं, तेव्हा त्यांनीच ते सरळ कापून आकडी पुन्हा ठोकून बसवली होती. अर्धा इंच तेव्हाच गेला. साऱ्या गावाची मापं तपासणाऱ्या माणसाने स्वतःची टेप तेवढी कधी तपासली नव्हती. ते खाली बसले. बाईंना वाटलं त्यांना चक्कर आली, म्हणून त्यांनी पाणी मागवलं.

“अहो, मला चालेल,” त्या समजूत घालत म्हणाल्या. “टेबल बसून वर एक इंच उरतो की.”

“तुम्हाला चालेल हो,” टेपकाका म्हणाले. “मला कसं चालेल?”

दुसऱ्या दिवशी नवी टेप विकत घेऊन ते आपल्या जुन्या खात्यात गेले, रांगेत उभे राहिले, आणि ती तपासून तिच्यावर शिक्का मारून आणला. सगळं घर पुन्हा मोजलं. सातशे सव्वीस भरलं.

“पाच फूट कुठे गेले?” काकूंनी विचारलं.

“ते नव्हतेच.”

“आणि मी इतकी वर्षं त्यांचा केर काढला!”

त्याच दुपारी त्यांनी साइटवर दुरुस्ती केली आणि खाली एक ओळ वाढवली: ‘आधी सातशे एकतीस लिहिले होते, ती मोजणाऱ्याची चूक.’

शुक्रवारी मंडळाच्या सभागृहात पन्नासेक एजंट जमले होते. समोर अध्यक्ष, बाजूला चिटणीस. मागच्या रांगेत चकचकीत मान खाली घालून बसला होता. काकू बहात्तर पायऱ्या उतरून आल्या होत्या, कारण, त्यांच्याच शब्दांत, हा माणूस अपमान झाला तर घरी येऊन नीट सांगणार नाही.

“तुमच्या जाहिरातीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“त्यातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते सांगा,” टेपकाका म्हणाले.

चिटणीसांनी जाहिरात वाचायला घेतली. दार अडकतं, ओल येत असे, लिफ्ट नाही. दर वाक्याला मागून हसू येत होतं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही. पण सगळं खरंच आहे असा तुमचा दावा आहे का?”

“नव्हतं,” टेपकाका म्हणाले. अध्यक्ष पुढे झुकले. “एक खोटं होतं. सातशे एकतीस. माझ्या टेपला अर्धा इंच नव्हता, म्हणून दर खोलीत थोडं थोडं जास्त भरलं. परवा लक्षात आलं, काल टेप बदलली, घर पुन्हा मोजलं, दुरुस्ती केली. तेवढ्यासाठी जी शिक्षा असेल ती द्या. बाकीच्यासाठी नाही.”

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी घसा साफ केला. “म्हणजे तुमचं मापही चुकतं. मग दुसऱ्यांकडे कशाला बोट दाखवता? मोजणीत इकडेतिकडे होतंच. आता हे आपलं सभागृह घ्या. दोन हजार चौरस फूट, आपल्या माहितीपत्रकात आहे. दहावीस फूट इकडेतिकडे असेलही.”

“मोजू?” टेपकाकांनी शिक्का मारलेली टेप काढली. त्यात आव्हान नव्हतं, नुसती सवय होती. “टोक कोणीतरी धरायला लागेल.”

मग मागच्या रांगेतून बुटांचा आवाज आला. चकचकीत आला, त्याने काही न बोलता टोक भिंतीला लावलं आणि गुडघ्यावर बसला. लांबी घेतली, रुंदी घेतली. काकूंनी आकडे आपल्या स्वेटरच्या नमुन्याच्या कागदामागे लिहिले. गुणाकार टेपकाकांनी तोंडी केला, तरी तीनदा केला.

“एक हजार चारशे त्रेसष्ट.”

अध्यक्षांनी छताकडे पाहिलं, जणू राहिलेले फूट तिथे कुठेतरी असतील. मागून एक वयस्क एजंट उठले. “हे सभागृह आपण विकत घेतलं ना? आपल्याला दोन हजार म्हणून कोणी विकलं?” आणि मग पुढचा अर्धा तास टेपकाकांकडे कोणाचं लक्षच नव्हतं. पन्नास एजंट एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते, आणि तो प्रश्न गिऱ्हाइकं त्यांना रोज विचारत आली होती. शेवटी टेपकाकांचं प्रकरण अभ्यासासाठी उपसमितीकडे सोपवण्यात आलं, आणि उपसमिती नेमण्याचं काम दुसऱ्या उपसमितीकडे. तोवर जाहिरात आहे तशी राहील, असं ठरलं.

बाहेर पडताना चकचकीतने त्यांना गाठलं. “सर, माझ्याकडे दोन घरं आहेत. म्हणजे, तुम्ही मोजून द्याल का? खरी?”

“टेप घ्या स्वतःची,” टेपकाका म्हणाले. मग जरा थांबून, “आणि घेतली की घेऊन या, तपासून देतो.”

शिवणकामवाल्या बाईंनी घर घेतलं. घासाघीस करताना त्यांनी एकदाही ओलीचा, दाराचा किंवा पायऱ्यांचा मुद्दा काढला नाही. ते सगळं आधीच वाचलेलं होतं. टेबल सहा माणसांनी वर चढवलं, वळणावर दोन्ही बाजूंना बोटबोट जागा उरली, आणि मॅनेजरसाहेबांनी प्रत्येक पायरीवर सूचना दिल्या. टेबल खिडकीखाली बसलं तेव्हा टेपकाका त्याच्या कडेवरून नुसता हात फिरवत उभे राहिले. भिंत आणि टेबल यांत एक इंच होता. त्यांनी तो मोजला नाही.

मुदतीला नऊ दिवस उरले असताना सगळी कागदपत्रं झाली. आता शेवटचं काम राहिलं: साइटवर ‘विकले’ हे बटण दाबायचं. ते एजंटनेच दाबायचं असतं, आणि त्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. त्यातला शेवटचा रकाना होता: ‘मालकाचे सहकार्य व सचोटी. पाचपैकी गुण द्या.’

टेपकाका त्या रकान्यापाशी अडकले. एजंटही तेच, मालकही तेच. निरीक्षक म्हणून त्यांनी आयुष्यात कुणालाही पैकीच्या पैकी दिले नव्हते. साडेतीन द्यावेत का, असा विचार करत त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

काकू ग्राहकाच्या खुर्चीतून उठल्या, त्यांना जरा सरकवून शेजारी टेकल्या, आणि एका बोटाने पाच लिहून बटण दाबून मोकळ्या झाल्या.

“अगं, असं एकदम देत नाहीत,” टेपकाका म्हणाले. “आधी नीट तपासून घ्यावं लागतं.”

“सदतीस वर्षं तेच करतेय,” काकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.